साती आसरा : बालाघाटावरील पाण्याचें भय

किल्ले धारूर हें नांव उच्चारतांच इतिहासाच्या अभ्यासकास आदिलशाही, निजामशाही व मोंगल या तीन सत्तांची ओढाताण आठवते. विजापूरचा सरदार किश्वरखान लारी यानें इ. स. १५६७ मध्यें बालाघाटाच्या एका सोंडेवर हा किल्ला बांधिला. बांधून फार दिवस लोटले नाहींत तोंच मूर्तझा निजामशहानें तो घेतला, व त्या प्रसंगीं किश्वरखान बाण लागून पडला. पुढें इ. स. १६३१ च्या आरंभीं शहाजहानचा सरदार आझमखान यानें तो सर केला, आणि मोंगली अमलांत त्यास फत्तेबाद असें नांव मिळालें. हा झाला तवारिखांतील इतिहास. परंतु तीन बाजूंस दऱ्या व चौथ्या बाजूस खंदक असलेल्या या दुर्गाचें बळ तटाइतकेंच आंतील जलाशयांवर अवलंबून होतें, ही गोष्ट तवारीखकार ओझरती सांगून पुढें जातात. आझमखानानें धारूर घेतलें तें वर्ष १६३०-३२ च्या भयंकर दुष्काळांतील होतें. धारूरनंतर त्यानें परांड्यास वेढा घातला, तेव्हां वैरणीवांचून तो वेढा त्यास उठवावा लागला. जें काम शत्रूच्या तोफांनीं झालें नसतें तें आभाळानें केलें.

पाण्याचा हा राजकीय इतिहास होय. त्याचा दुसराही एक इतिहास आहे, व तो कोणत्याही दफ्तरांत लिहिलेला नाहीं. विहिरीच्या कांठीं मांडलेल्या सात दगडांत, शेंदराच्या पुटांत व घरोघरच्या म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यांत तो सांपडतो. पाण्याजवळ मनुष्याचें देहभान हरपतें, त्यास नसतें दिसतें, नसतें ऐकूं येतें, कधीं त्याच्या मुखानें दुसराच कोणी बोलूं लागतो, ही समजूत महाराष्ट्रांत फार जुनी व फार दूरवर पसरलेली आहे. सुशिक्षित लोक तिची थट्टा करितात आणि अशिक्षित लोक तिच्या भयांत दिवस काढितात. या दोहोंपैकीं कोणीही तिचा इतिहास विचारीत नाहीं. तो विचारण्याचा प्रयत्न आम्ही येथें करणार आहों. कारण या समजुतीच्या पोटीं केवळ करमणुकीच्या गोष्टी नसून माणसांचे जीव अडकलेले आहेत.

प्रथम भूमीचें स्वरूप पाहिलें पाहिजे. बालाघाट हा गोदावरी व मांजरा यांच्या खोऱ्यांमधला उंचवटा. मांजरा तर बीड जिल्ह्यांतच उगम पावते. येथील काळ्या खडकाच्या उतारावरून पावसाचें पुष्कळसें पाणी वाहून जातें. जें मुरतें तें खडकांतील भेगांत व सांध्यांत जाऊन बसतें. त्यामुळें एका शेतांतील विहिरीस हातभर खणतांच झरा लागावा व शेजारच्या शेतांत चाळीस हात फोडूनही ठणठणीत कोरड मिळावी, असें घडतें. जी वस्तु प्राणास इतकी आवश्यक व वागण्यांत इतकी लहरी, तिच्या ठिकाणीं कोणाची तरी मर्जी वसत आहे असें शेतकऱ्यास वाटावें, यांत नवल नाहीं. ज्याची मर्जी असते त्याचा रोषही असावयाचाच.

या मर्जीचें व रोषाचें नांव साती आसरा. सह्याद्रीच्या कांहीं भागांत यांनाच मावलाया म्हणतात. विहीर, बारव, आड, नदीचा डोह, जेथें जेथें खोल पाणी आहे तेथें तेथें एका ओळींत मांडलेले सात गोटे किंवा एकाच शिळेवर कोरलेल्या सात स्त्रिया दृष्टीस पडतात. जवळच बहुधा त्यांचा राखणदार म्हसोबा असतो. त्यांस हळदकुंकू, हिरवें वस्त्र, बांगड्या, नारळ असा सवाष्णीस शोभेसा आहेर वाहतात. लोकवाङ्मयाच्या संग्राहकांनीं या सातजणींचीं नांवें नोंदविलीं आहेत तीं अशीं : मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा व मकरी. मासळी, कांसव, खेंकडा, बेडूक व मगर हे जलचर या नांवांतून सरळ डोकावतात. धर्मशास्त्राच्या पोथ्यांत यांना स्थान नाहीं आणि त्यांच्या पूजेस पुरोहितही लागत नाहीं. तरी पांढरीवरील सर्व जातींच्या बायका यांच्यापुढें हात जोडतात.

आसरा हा शब्द अप्सरा या संस्कृत शब्दाचें देशी रूप होय. अप् म्हणजे पाणी. जी पाण्यांत संचार करिते ती अप्सरा. इंद्रसभेंत नाचणारी व तपस्व्यांस मोहविणारी जी अप्सरा कालिदासाच्या नाटकांनीं आपल्या परिचयाची केली, ती या देवतेचें बरेंच उत्तरकालीन व दरबारी रूप आहे. वेदांतील अप्सरा अधिक जुनी व अधिक भयंकर आहे. तैत्तिरीय संहितेंत मनुष्यास उन्माद होतो तो गंधर्व व अप्सरा यांच्यामुळें होतो असें सांगितलें असून त्यांच्या शांतीसाठीं आहुति विहित केली आहे. अथर्ववेदांत वेड्या झालेल्या मनुष्याच्या मुक्तीसाठीं जें सूक्त आहे त्यांतही अप्सरांची विनवणी आहे. म्हणजे पाण्याची देवता मनुष्याचें चित्त हरण करिते ही कल्पना अलीकडच्या अज्ञानाची निपज नव्हे. ती निदान अडीच हजार वर्षें या भूमीवर चालत आलेली आहे. इतकी दीर्घायु कल्पना निव्वळ थापेवर जगत नाहीं. लोकांनीं पाण्याकांठीं कांहीं तरी खरोखर पाहिलें असलें पाहिजे व सोसलें असलें पाहिजे. तें काय, हा प्रश्न आहे.

आसरा कोणास धरितात, याविषयीं लोकांचें सांगणें बरेंचसें एकसारखें असतें. विहीर उपसावयास उतरलेला गडी, डोहांत पोहणारा पोरगा, भर दुपारीं एकटी पाण्यास गेलेली तरुण सून आणि नुकतीच बाळंत झालेली स्त्री, या चौघांवर त्यांचा डोळा. ही यादी मोठी बोलकी आहे. ती एकेक करून तपासूं.

विहिरींत उतरलेला गडी. वर्षानुवर्षें न वापरलेल्या आडांत किंवा विहिरींत पालापाचोळा कुजतो, जड व विषारी वायु तळाशीं सांचतात व प्राणवायु कमी होतो. आपण श्वासानें जी हवा घेतों तींत प्राणवायूचें प्रमाण शेंकडा सुमारें २१ असतें. तें १६ च्या आसपास आलें कीं मेणबत्ती विझते, आणि १० च्या खालीं गेलें कीं मनुष्य बेशुद्ध पडतो. बेशुद्ध पडण्यापूर्वीं त्याची बुद्धि मंदावते, पाय लटपटतात, डोळ्यांपुढें अंधारी येते. पण गुदमरल्याची भावना त्यास पुष्कळदां होतच नाहीं. वर उभे असलेल्यांस दिसतें तें इतकेंच कीं, धडधाकट माणूस आरडाओरड न करितां खालीं बसला आणि पाण्यांत गेला. त्यास काढावयास भाऊ उतरतो, तोही जातो. मग तिसरा. एका विहिरीनें एका घरांतील दोन-तीन माणसें एकाच दिवशीं घेतलीं, अशा ज्या गोष्टी खेड्यापाड्यांतून ऐकूं येतात त्यांत अतिशयोक्ति नसते. अशा वार्ता आजही वर्तमानपत्रांत येतात. जुने लोक आधीं पेटता दिवा दोरीनें सोडून पाहात. हा आसरांचा कौल घेणें होय असें ते समजत. तो कौल शास्त्रास धरून होता, पण पुरता नव्हता. कारण कांहीं विषारी वायूंत दिवा विझत नाहीं, आणि पेट घेणारा वायु असला तर दिव्यानेंच स्फोट होतो. आज वायु मोजण्याचीं यंत्रें आहेत, तेव्हां दिव्यावर विसंबूं नये, व एक पडला म्हणून दुसऱ्यानें तसेंच उतरूं नये, एवढें ज्ञान प्रत्येक खेड्यांत पोहोंचलें तरी आसरांचा अर्धा कोप शमेल.

डोहांत पोहणारा पोरगा. बुडणारा मनुष्य हात वर करून ‘वांचवा’ म्हणून ओरडतो, ही कादंबऱ्यांतील कल्पना आहे. पुष्कळदां बुडणारा ओरडूंच शकत नाहीं; त्याचें तोंड पाण्याच्या पातळीशीं खालींवर होत असतें, श्वास घ्यावा कीं हांक मारावी या झगड्यांत श्वासच जिंकतो, देह पाण्यांत उभा राहातो, आणि मिनिटाच्या आंत सर्व संपतें. कांठावरच्या सोबत्यांस वाटतें कीं याला कोणी तरी खालून पायांस धरून ओढलें. त्यांनीं पाहिलें तें खरें आहे. ओढणारा मात्र तेथें कोणी नव्हता. ‘आसरांनीं नेला’ या वाक्यांत डोळ्यांची साक्ष व मनाचा तर्क एकमेकांत असे मिसळून गेले आहेत कीं, सांगणारा खोटें बोलत नसूनही ऐकणारा सत्यास मुकतो.

भर दुपारीं पाण्यास गेलेली सून. मराठवाड्यांतील वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. आड आटलेला, कोस-दीड कोसावर झरा, डोक्यावर घागर, बरोबर घरच्या सर्वांच्या मागून खाल्लेली अर्धी भाकरी. अशा वेळीं देहांतील पाणी व मीठ घटलें, ताप मेंदूस चढला, म्हणजे मनुष्य असंबद्ध बोलतो, माणसें ओळखीत नाहीं, नसलेल्यास हांक मारतो आणि कोसळतो. वैद्यक यास उष्माघात म्हणतें. गांव म्हणतो, ‘बारा वाजतां पाण्यावर गेली, आसरांनीं धरली.’ पाहा कीं येथें पाणी हें भ्रमाचें कारण नसून पाण्याचा अभावच कारण आहे. जलदेवतेचा कोप म्हणून ज्यास भ्यावें तो वस्तुतः जलाच्या दुर्भिक्षाचा कोप आहे. अशा स्त्रीस देवऋषीच्या पुढें बसवून धूर देणें म्हणजे तिला मारणें होय. तिला तत्क्षणीं सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतलें व दवाखान्यांत पोहोंचविलें पाहिजे.

या तिघांच्या जोडीस चौथा एक मनुष्य येतो, त्याचें नांव लोकांच्या यादींत नाहीं, पण पाण्याचें खरें भय त्याच्याइतकें कोणासच वाटत नाहीं. पिसाळलेलें कुत्रें चावून कांहीं आठवडे गेल्यावर ज्यास पाण्याच्या नुसत्या दर्शनानें घशांत पेटके येतात, जो पाणी पाहतांच दचकून किंचाळतो, त्यास बाधा झाली असें समजून पुष्कळ ठिकाणीं मांत्रिकाकडे नेत आले आहेत. आमच्या सुश्रुतानें कल्पस्थानांत या जलत्रासाचें वर्णन करून ठेविलें आहे. चावलेल्या जनावराची आकृति ज्या रोग्यास पाण्यांत किंवा आरशांत दिसूं लागते त्याचें मरण जवळ आलें, असेंही तो सांगतो. पाण्यांत जनावराचें रूप दिसणें, याहून विलक्षण अनुभव कोणता असावा? तरी सुश्रुतानें त्यास भूत म्हटलें नाहीं, अरिष्टलक्षण म्हटलें. इ. स. १८८५ मध्यें पाश्चर यानें या रोगावरील लस प्रथम मनुष्यास टोंचली. लक्षणें उमटल्यावर या रोगांतून मनुष्य जवळजवळ कधींच वांचत नाहीं, व चावल्याबरोबर जखम धुवून लस घेतली तर बहुधा खात्रीनें वांचतो. मांत्रिकाकडे गेलेले दिवस येथें आयुष्याच्या हिशेबांतून वजा होतात.

एवढें झाल्यावर कोणी म्हणेल कीं, मग प्रश्न सुटला. विषारी वायु, ऊन व रोग यांची ही सगळी करामत. आम्हांस तसें वाटत नाहीं. धडधाकट मनुष्याच्या इंद्रियांसही पाणी फसवितें. पाटोदे तालुक्यांतील सौताड्यास अगर मन्मथस्वामींच्या समाधीमुळें प्रसिद्ध असलेल्या कपिलधारेस पावसाळ्यांत जाऊन धबधब्याच्या एकाच जागीं मिनिटभर टक लावून पाहावें, व मग बाजूच्या कड्याकडे नजर वळवावी. कडा हळूहळू वर सरकत आहे असें दिसेल. वाहतें पाणी पाहिल्यावर स्थिर वस्तु हलतांना दिसतात, हें ॲरिस्टॉटलनें स्वप्नांवरील आपल्या निबंधांत नमूद केलें आहे. आणि रॉबर्ट ॲडम्स नांवाच्या गृहस्थानें इ. स. १८३४ मध्यें स्कॉटलंडांतील फॉयर्सच्या धबधब्यापाशीं घेतलेला हाच अनुभव लिहून प्रसिद्ध केला. त्यांत अज्ञान नाहीं, रोग नाहीं. डोळ्यांची घडणच तशी आहे. तीच गोष्ट कानांची. संथ अखंड खळखळाटांत मनुष्यास शब्द ऐकूं येऊं लागतात, कारण अर्थावांचून ध्वनि ऐकणें मनास सहन होत नाहीं. विहिरीच्या गोल भिंतींत आपलीच हांक परत येते ती दुसऱ्याची वाटते. खालीं वाकून पाहावें तों अंधाऱ्या पाण्यांतून कोणाचा तरी चेहरा आपल्याकडे पाहात असतो.

याहून खोल असा आणखी एक भाग आहे. पाण्याच्या कांठीं देहभान हरपण्यास आपण नेहमीं बाधा म्हणतों असें नाहीं. कित्येकदां आपण त्यास समाधि म्हणतों. समर्थ रामदास हे याच मराठवाड्यांतील जांबचे. नाशिकजवळ टाकळी येथें गोदावरी-नंदिनीच्या संगमांत कमरेइतक्या पाण्यांत उभें राहून त्यांनीं बारा वर्षें जप केला, असें परंपरा सांगते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्यावर ते अन्नपाणी सोडून तेरा दिवस नदीकांठच्या शिळेवर पडून राहिले, व त्या अवस्थेंत त्यांस देवदर्शन झालें, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पैठणास एकनाथांनीं इ. स. १५९९ मध्यें गोदावरींत देह ठेविला. गार पाण्याचा स्पर्श, मंद व मोजका श्वास, एकाच नामाचा सहस्रावधि उच्चार, उपास, एकांत. यांचा मनावर परिणाम होतो हें आधुनिक मानसशास्त्रही नाकारीत नाहीं. इ. स. १९५४ मध्यें अमेरिकेंतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंत जॉन लिली या संशोधकानें अंधाऱ्या व निःशब्द खोलींतील कोमट पाण्याच्या हौदांत स्वतःस तरंगत ठेवून प्रयोग केले. बाहेरून कांहींच दिसेनासें व ऐकूं येईनासें झालें म्हणजे मन स्वतःचींच चित्रें रंगवूं लागतें, असा त्यास अनुभव आला. लिली व रामदास यांस एका मापानें मोजण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पाण्यानें मनुष्याची जाणीव पालटते ही गोष्ट खरी आहे. तिला नांव कोणतें द्यावयाचें, तें मात्र पाणी ठरवीत नाहीं. तें माणसें ठरवितात.

आणि येथेंच इतिहासकाराचें काम सुरू होतें. संगमांत उभ्या असलेल्या पुरुषाचें भान हरपलें तर लोक पायां पडतात. विहिरीवर उभ्या असलेल्या सुनेचें भान हरपलें तर लोक तिला झिंज्यांस धरून देवळांत नेतात. या दोन अवस्थांत अंतर नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. एकानें ती बुद्ध्या, साधनेनें व गुरूच्या मार्गानें मिळविलेली असते, व तींतून तो आपल्या इच्छेनें परत येतो. दुसरीवर ती कोसळलेली असते. परंतु केवळ एवढ्यावरून हा भेद होतो काय? जिच्या शब्दास घरांत किंमत नाहीं तिच्या अनुभवासही किंमत नाहीं, हें त्याचें दुसरें व अधिक बलवत्तर कारण आहे. सासूपुढें जी मान वर करीत नाहीं तीच अंगांत आल्यावर सासऱ्यास एकेरी हांक मारते, नवऱ्याचे दोष चारचौघांत सांगते, हिरवें लुगडें व गोड जेवण मागते. तेव्हां तें सर्व तिला मिळतें, कारण मागणारी ती नसून आसरा असतात! ज्या घरांत सुनेस स्वतःच्या तोंडानें लुगडें मागतां येतें त्या घरांत आसरांस बोलावें लागत नाहीं, असें आम्ही म्हटल्यास तें अगदींच चुकीचें ठरणार नाहीं.

बाळंतिणीची गोष्ट याहून गंभीर आहे. प्रसूतीनंतर पहिल्या दोनतीन आठवड्यांत हजारांत एकदोघींस तीव्र उन्माद होतो, हें जगांतील सर्व देशांत आढळून आलें आहे. झोंप उडते, भलतेंच ऐकूं येतें, स्वतःच्या मुलाविषयीं विपरीत कल्पना येतात, आणि कधीं ती स्वतःचा किंवा मुलाचा घात करूं पाहाते. वेळीं औषध झालें तर ती पुष्कळदां पूर्ण बरी होते. आमच्याकडे अनेक घरांत बाळंतीण सोयर फिटल्यावर विहिरीवर जाऊन पाण्याची पूजा करिते व मगच घागर उचलते. जन्म देणारी स्त्री व जीवन देणारें पाणी यांची ही भेट मोठी सुंदर आहे. परंतु त्याच कल्पनेच्या दुसऱ्या टोकास, त्या दिवसांत ती बिघडली तर ‘पाण्याचा विटाळ झाला, आसरा कोपल्या’ असें म्हणून तिलाच अपराधी ठरविण्यांत येतें.

मग उपचार कोणते? येथेंही पाणीच. भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर व कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नरसोबाची वाडी, हीं दत्तसंप्रदायाचीं क्षेत्रें बाधा झालेल्यांचीं आश्रयस्थानें म्हणून प्रसिद्ध आहेत, व संगमावरील स्नान हें तेथील सेवेचें मुख्य अंग होय. यावरून आमचाच समाज भोळा, असें समजण्याचें कारण नाहीं. स्कॉटलंडांत सेंट फिलनच्या डोहांत वेड्यांस बुडवून काढीत, व रात्रभर देवळांत बांधून ठेवीत. सकाळीं गांठी सुटलेल्या आढळल्या तर तो बरा झाला असें मानीत. ही चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. बोअरहावसारखा अठराव्या शतकांतील युरोपचा नामांकित वैद्यही वेड्यास अकस्मात् पाण्यांत बुडवून जवळजवळ गुदमरेपर्यंत ठेवावें, असा उपचार सांगे. आमच्या सुश्रुतानेंही उन्मत्तास भिवविण्याच्या उपायांत जुन्या झांकलेल्या विहिरींत ठेवण्याचा उपाय दिला आहे. पूर्व काय, पश्चिम काय, वेड्याच्या नशिबीं बहुधा भीति व बंधन हींच आलीं. इ. स. २००१ च्या ऑगस्टांत तमिळनाडूंतील एरवाडी येथें सांखळदंडांनीं जखडलेले २८ मनोरुग्ण झोपडीस आग लागून मेले, तेव्हां हा इतिहास संपला नसल्याचें साऱ्या देशास कळून आलें.

तरी याच परंपरेंत दुसराही एक स्वर आहे. चरकानें निदानस्थानांत आगंतु उन्मादाची चर्चा करितांना असें बजाविलें आहे कीं, देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस हे कोणासही आपण होऊन पीडा देत नाहींत. पीडेचें मूळ मनुष्याच्या स्वतःच्या आचरणांत व बुद्धीच्या चुकींत शोधावें आणि देवांस दोष देऊं नये. आजच्या दृष्टीनें रोग्यावरच अपराध ढकलणारी ही भाषा आम्हांस पुरी मान्य होणारी नाहीं. पण अदृश्याकडे बोट न दाखवितां कारण दृश्यांत शोधावें, हा तिच्यांतील मुख्य मुद्दा मान्य करावाच लागतो. महाराष्ट्रानें इ. स. २०१३ मध्यें जादूटोणाविरोधी कायदा करून भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें, सांखळीनें बांधणें, वैद्यकीय उपचारांपासून अडविणें हे गुन्हे ठरविले. तो कायदा परकीय विचारांचा म्हणून ज्यांनीं त्यास विरोध केला त्यांनीं चरक उघडून पाहावयास हरकत नव्हती.

या समजुतीचा आणखी एक उपयोग समाजानें करून घेतलेला आहे, व तो सांगतांना लेखणी जड होते. विहीर ही बाईच्या दुःखाचा शेवट करण्याचीही जागा होती. तेथें सांपडलेल्या देहाविषयीं ‘आसरांनीं ओढलें’ असा निर्णय दिला म्हणजे कोणासच कांहीं विचारावें लागत नाहीं. सासरीं काय झालें, पाटलानें पंचनाम्यांत काय लिहिलें, त्या दिवशीं ती एकटीच कां गेली, हे सर्व प्रश्न पाण्याबरोबर मिटतात. देवतेस अपराधी केलें कीं माणसें सुटतात. असे किती निर्णय दिले गेले तें कोणीही मोजलेलें नाहीं, आणि आतां मोजतां येणार नाहीं. परंतु ज्या इतिहासांत किश्वरखानास लागलेल्या एका बाणाची नोंद आहे त्या इतिहासानें या मृत्यूंसाठीं निदान एक ओळ राखावयास पाहिजे होती.

पाण्याविषयींच्या पवित्रतेच्या कल्पनेनेंही असाच अन्याय झांकला. इ. स. १९३४ मध्यें डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले असतां, प्रवासाची धूळ धुण्यासाठीं तेथील हौदाच्या पाण्यानें त्यांनीं हातपाय धुतले, तों हौद बाटविल्याचा आरोप करून लोक त्यांच्यावर धांवून आले. हा प्रसंग त्यांनीं स्वतः लिहून ठेविला आहे. धारूरप्रमाणेंच दौलताबादही त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. ज्या तळ्यांत गुरें डुंबत त्यांत माणसानें हात बुडविल्यानें पाणी बिघडतें असें हजारों माणसांस मनापासून वाटणें, हाही एक विभ्रमच नव्हे काय? विहिरींत सात स्त्रिया दिसणाऱ्यास आम्ही भ्रमिष्ट म्हणतों. पाण्यांत जात दिसणाऱ्यास मात्र त्या काळीं धर्मनिष्ठ म्हणत असत.

मग त्या सात गोट्यांचें काय करावें? ते उचलून फेंकून द्यावे असें आमचें मत नाहीं. विहिरीवर जोडा घालून जाऊं नये, तेथें घाण करूं नये, संध्याकाळनंतर एकट्यानें उतरूं नये, मुलांनीं अनोळखी डोहांत पोहूं नये, हे नियम आसरांच्या नांवानें शेंकडों वर्षें पाळले गेले, व त्यांनीं पाणी शुद्ध राखलें आणि जीवही वांचविले. आज भय गेलें, त्याबरोबर नियमही गेले. कूपनलिका आल्यावर जुन्या बारवा व आड उकिरडे झाले, आणि पूर्वींहून अधिक प्राणघातक झाले. भय घालवावयाचें असेल तर त्याच्या जागीं ज्ञान बसवावें लागतें. जागा मोकळी ठेवून भागत नाहीं.

धारूरचा किल्ला पाहावयास जाणारांनीं त्याचे तट व बुरूज अवश्य पाहावे. परंतु परततांना वाटेंत एखादी विहीर लागली व तिच्या कांठीं शेंदरानें माखलेले सात दगड दिसले, तर क्षणभर तेथेंही थांबावें. त्यांच्यापुढें हात जोडावे कीं नाहीं हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण विहिरीच्या तळाशीं गुदमरलेले गडी, उन्हांत कोसळलेल्या सुना, बाळंतपणांत भ्रमलेल्या आया, ज्यांचें दुःख कोणी ऐकलें नाहीं व ज्यांच्या मृत्यूचें कारण कोणी शोधलें नाहीं, अशांचें दुसरें स्मारक या प्रांतांत आम्हांस तरी ठाऊक नाहीं. तें स्मारक आहे इतकें ओळखून, पुढें तसल्याच एखाद्या घरांत कोणी ‘आसरांनीं धरली’ असें म्हणतांना ऐकूं आलें तर हंसूं नये आणि भिऊंही नये. तिला आधीं पाणी द्यावें, मग वैद्याकडे न्यावें, आणि ती शुद्धीवर आल्यावर तिला काय सांगावयाचें होतें तें तिच्याच तोंडून ऐकून घ्यावें.